रानडुक्कर, बाराबोअरचे काडतूस आणि घरातील मुलगा

बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांत रानडुकराचा उपद्रव ही आता एखाददुसऱ्या शिवाराची तक्रार राहिलेली नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस नीरा डाव्या कालव्याचे पाणी या अवर्षणग्रस्त मुलखात खेळू लागले, आणि जेथे बाजरी, मटकी व हुलग्यावाचून फारसे काही पिकत नसे तेथे हळूहळू ऊस उभा राहिला. हा ऊस माणसाला जसा मानवला तसा डुकरालाही मानवला. आडसाली लागण शेतात सोळा-अठरा महिने उभी असते. एवढा काळ दाट सावली, ओल आणि बुडख्याचा गोडवा एकाच ठिकाणी मिळाल्यावर या जनावराने डोंगरात जावे तरी कशासाठी? मादी सुमारे ११५ दिवसांत विते आणि एका वेतात चार-सहा पिले सहज होतात. कन्हेरीसारख्या गावी एका अंगास बागायती ऊस, दुसऱ्या अंगास वनखात्याचे माळरान आणि मधल्या पट्ट्यात मका, भुईमूग व ज्वारी, अशी स्थिती आहे. दिवसा उसात पडून राहावे व रात्री मक्यात शिरावे, हा डुकराचा दिनक्रमच ठरून गेला आहे. कणीस चिकात आले की कळप खातो थोडे आणि आडवे करतो फार. भुईमुगाच्या वाफ्यात तर तो नांगर धरल्याप्रमाणे मुस्कटाने तास काढीत जातो.

प्रस्तुत लेखक खात्याच्या कामानिमित्त या भागात फिरतो तेव्हा खताबियाणांचे प्रश्न संपल्यावर, चहाच्या वेळी, किंचित हलक्या आवाजात एक प्रश्न हमखास निघतो : "साहेब, डुकराला कंचं काडतूस घालावं? आन् मारायचं कुठं?" पुष्कळदा विचारणाऱ्याच्या शेजारी त्याचा चौदा-पंधरा वर्षांचा मुलगा उभा असतो, आणि प्रश्न खरोखर त्याचाच असतो. रात्रीची राखण बापलेक मिळून करतात. बापाची नजर मंदावलेली, पोराची तीक्ष्ण. बंदूक आजोबांच्या वेळची, परवाना बापाच्या नावावर. तेव्हा पोराने एखादा बार टाकला तर बिघडले कोठे, असा साधा हिशेब असतो.

असल्या प्रश्नाला कृषि-पत्रिकेत उत्तरच देऊ नये, कीटकनाशके आणि कुंपणे यांपुरतेच आपण लिहावे, असे आमच्या काही सहकाऱ्यांचे मत आहे. ते आम्हांस मान्य नाही. आपण उत्तर दिले नाही म्हणून प्रश्न थांबत नाही. तो मोबाईलच्या पडद्याकडे वळतो. तेथे मुलाला अमेरिकेच्या टेक्सास राज्यातील चित्रफिती दिसतात. बाप आपल्या दहा-बारा वर्षांच्या पोराला शेजारी बसवून रायफलीने डुक्कर टिपण्यास शिकवीत असतो. ते दृश्य खोटे नव्हे. परंतु तेथील डुक्कर हे स्पॅनिश लोकांनी नेलेल्या पाळीव डुकरांची व मागाहून युरोपातून आणून सोडलेल्या रानडुकरांची मिश्र संतती आहे. तेथील कायद्याने ते उपरे जनावर ठरले आहे. शिकारीची जागा म्हणजे शेकडो एकरांचे कुंपणबंद खाजगी रान, जेथे रात्री दुसरे माणूस असण्याचा संभव कमी. आपले रानडुक्कर या भूमीचेच, आणि आपल्या शिवारात रात्री किती माणसे निजलेली असतात याची मोजदाद खुद्द गावच्या पाटलालाही सांगता येणार नाही. तिकडची विद्या जशीच्या तशी येथे आणणे म्हणजे कोकणातील भाताचे वाण आणून माळावर पेरण्यासारखे आहे.

यास्तव या लेखात काडतुसाविषयी आणि नेमाविषयी आडपडदा न ठेवता लिहावयाचे आहे. परंतु ती माहिती रीतसर परवाना व परवानगी हाती असलेल्या प्रौढ माणसासाठी आहे. मुलाला शिकवावयाचे ते निराळे आहे, आणि ते अधिक अवघड आहे.

प्रथम कायद्याचे पाहू, कारण या बाबतीत गावात जुन्या आठवणींवर फार व्यवहार चालतो. आजोबा सांगतात, "आम्ही सोळाव्या वर्षी बंदूक धरली." ते खरे असेल. शस्त्र अधिनियम १९५९ मध्ये वयाची मर्यादा सोळाच होती. १९८३ मध्ये ती एकवीस झाली. आज एकवीस वर्षे पुरी न झालेल्या कोणासही बंदूक वा काडतूस जवळ बाळगता येत नाही. इतकेच नव्हे तर अशा व्यक्तीच्या हाती ती देणारा बापही दोषी ठरतो, कारण तात्पुरती उसनी देणे हेही कायद्याच्या दृष्टीने हस्तांतरच होय. बारा वर्षांवरील मुलास नेमबाजीचे शिक्षण घेता येते. परंतु ते शिक्षण म्हणून, ठरवून दिलेल्या अटींवर व जाणत्याच्या देखरेखीखाली. मक्याच्या बांधावरची रात्र म्हणजे शिक्षणवर्ग नव्हे.

दुसरा कायदा जनावराचा. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ मध्ये रानडुक्कर तिसऱ्या अनुसूचीत होते. २०२२ च्या दुरुस्तीने अनुसूचींची फेरमांडणी झाली, ती १ एप्रिल २०२३ पासून अंमलात आली, आणि रानडुक्कर दुसऱ्या अनुसूचीत गेले. उभ्या पिकाचे नुकसान करणारे रानडुक्कर मारण्याची परवानगी कलम ११ खाली मिळू शकते. ती लेखी असते व तीत कारण नमूद असते. महाराष्ट्र शासनाने २०१५ मध्ये हा अधिकार वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यापर्यंत खाली आणला, तो शेतकऱ्यास नागपूर-पुण्याच्या खेपा पडू नयेत म्हणूनच. तथापि अनेकांची अशी समजूत आहे, की बंदुकीचा पीकसंरक्षणासाठी मिळालेला परवाना हीच डुक्कर मारण्याची परवानगी. तसे नाही. एक परवाना हत्याराचा आहे, दुसरी परवानगी जनावराची आहे. दोन्ही कागद असल्यावाचून बार टाकणे हा अपराध आहे. "अंगावर आले म्हणून मारले" ही सबबही सर्वांस उपयोगी पडत नाही. प्रामाणिक स्वसंरक्षण कायद्यास मान्य आहे. पण जो मुळातच कायदा मोडून उसात शिरला होता त्यास या तरतुदीचा आडोसा मिळत नाही.

आणखी एक गोष्ट बहुतेकांना ठाऊक नसते, व ठाऊक झाली की पुष्कळांचा उत्साह मावळतो. परवानगीने मारलेले रानडुक्कर हे शासनाच्या मालकीचे होते. मांसाचे वाटे घालता येत नाहीत, सुळे दाराशी लावता येत नाहीत. म्हणजे हे काम तणनाशक मारण्यासारखे पिकाचे काम आहे. त्यात मेजवानी नाही आणि मर्दुमकीही नाही. मुलाला पहिल्याच दिवशी हे सांगून टाकावे. जो हे ऐकूनही राखणीस यावयास तयार असेल त्याला राखणीची खरी गरज कळली आहे, असे समजण्यास हरकत नाही.

आता बंदूक. पीकसंरक्षणाकरिता शस्त्र अधिनियमात मुख्यत्वे ठासणीच्या बंदुकीचा विचार केलेला आहे; ती अपुरी पडते असे परवाना देणाऱ्या अधिकाऱ्यास वाटले तर दुसरी गुळगुळीत नळीची बंदूक मिळू शकते. ठासणीच्या बंदुकीतला दोष असा, की दारूचे माप प्रत्येकाच्या मुठीगणिक बदलते. त्यात खिळे, सायकलचे छर्रे, लोखंडाचे तुकडे भरण्याची चाल आजही पूर्ण मोडलेली नाही. अशाने नळी खरवडते, कधी फुटतेही, आणि फुटली तर गाल व डावा हात टाकणाऱ्याचाच जातो. ज्यास शक्य आहे त्याने बाराबोअरची, नळ्या सैल न झालेली, दोन्ही चाप नीट चालणारी बंदूकच वापरावी. ३१५ बोअरची रायफल काहींजवळ असते. तिची गोळी दोन-तीन किलोमीटर जाऊ शकते. वस्त्या-वाड्यांनी भरलेल्या सपाट बागायतीत आमच्या मते तिला जागा नाही.

बाराबोअरची काडतुसे आपल्याला परकी नाहीत. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ पासूनचा आहे आणि तेथील "शक्तिमान" हे नाव परवानाधारकांच्या तोंडी आहे. परंतु एकाच नावाच्या, एकाच लांबीच्या काडतुसांत आत काय भरले आहे यावर सारे अवलंबून असते. जुन्या इंग्रजी मापानुसार एका औंसात एलजीचे सहा, एसजीचे आठ, एसएसजीचे पंधरा, एएएचे पस्तीस, बीबीचे सत्तर आणि ४ नंबरचे सुमारे एकशे सत्तर छर्रे बसतात. अनेकांस वाटते, की छर्रे जितके अधिक तितका बार खात्रीचा. तितरासाठी ते खरे. डुकरासाठी नेमके उलटे. पूर्ण वाढलेल्या नराच्या फऱ्यावर कातडी व चिवट कुर्चा यांची ढालीसारखी जाड पट्टी असते. ४ नंबरचा वा बीबीचा छर्रा तीत रुतून बसतो. डुक्कर मरत नाही. ते चिघळलेल्या जखमा घेऊन उसात महिनाभर वावरते, आणि त्याची गाठ पडते ती बांधाला गवत कापणाऱ्या बाईशी. बार एकाने टाकावा व सुळा दुसऱ्याने सोसावा, याइतका अन्याय दुसरा नाही. म्हणून एलजी किंवा एसजी यांखाली उतरूच नये.

एकाच मोठ्या शिशाच्या गोळीचे काडतूसही मिळते. ते खोल जाते, परंतु नळीचे तोंड आवळलेले असेल, ज्यास चोक म्हणतात, तर त्यातून अशी गोळी चालते की नाही याची दुकानदाराकडून नव्हे तर बंदूक जाणणाऱ्या कारागिराकडून खात्री करून घ्यावी. शिवाय हुकलेली गोळी हजार मीटरच्याही पुढे जाते. एसजीचा एकटा छर्रादेखील उंच सुटला तर सहा-सातशे मीटरवर पडतो. आपल्याकडे दोन वस्त्यांमधले अंतर पुष्कळदा याहून कमी असते.

अंतराचा हिशेब अवश्य करून पाहावा. हा हिशेब मुलालाही शाळेतील गणितासारखा घालता येईल. ढोबळ नियम असा, की बारातील छर्रे दर वाराला सुमारे इंचभर फाकतात. डुकराचे मर्मस्थान म्हणजे हृदय व फुप्फुसे यांची जागा वीतभर, म्हणजे सुमारे नऊ इंच व्यासाची धरू. ४० वारांवर छर्ऱ्यांचा घेर ४० इंचांचा होतो. क्षेत्रफळाने पाहिले तर मर्मस्थान त्या घेराचा जेमतेम विसावा हिस्सा. एसजीच्या आठ छर्ऱ्यांपैकी अर्धा छर्राही तेथे वाट्यास येत नाही. २० वारांवर तोच हिस्सा पाचवा होतो आणि दीड छर्रा पदरात पडतो. प्रत्यक्षात मधोमध दाटी अधिक असते, म्हणून २० वारांवर तीन-चार छर्रे लागतातही. पण हिशेबाचा रोख बदलत नाही. वीस पावले उत्तम, पंचवीस पुष्कळ, त्यापुढे बार टाकणे म्हणजे जनावर जखमी करण्याचा संकल्प करणे होय. आपली बंदूक कशी फाकते हे नेमबाजीच्या मैदानावर कागद लावून एकदा पाहून घ्यावे. दोन बंदुकी सारख्या नसतात, हे दोन बैल सारखे नसतात इतके खरे आहे.

काडतुसाचे वयही पाहावे. ट्रंकेच्या तळाशी जुन्या लग्नपत्रिकांबरोबर ठेवलेली कागदी नळीची काडतुसे पावसाळी हवेने फुगतात, अडकतात, कधी विझून जातात. चाप ओढूनही बार झाला नाही तर बंदूक लगेच उघडू नये. तोंड समोर जमिनीकडे रोखून अर्धा मिनिट तरी थांबावे. उशिरा पेटलेला बार उघड्या बंदुकीतून मागे येतो.

नेम कोठे धरावा यासंबंधी गावोगाव एकच चूक आढळते. लोक बैलाच्या अंदाजाने फऱ्याच्या मागे, शरीराच्या मधोमध नेम धरतात. डुकराचे हृदय व फुप्फुसे त्यापेक्षा खाली आणि पुढे असतात. मानेवरील व पाठीवरील राठ केसांमुळे जनावर आहे त्याहून उंच दिसते, त्यामुळे नेम आणखीच वर जातो. छर्रे पाठीच्या कण्यावरून निघून जातात किंवा पोटात शिरतात. जनावर पूर्ण आडवे उभे असेल तेव्हा पुढच्या पायाची मागची कड धरून वर यावे आणि खालून एक तृतीयांश उंचीवर थांबावे, तेथे नेम. तोंड समोर असताना कपाळावर मारू नये. कवटीचे हाड तिरके व जाड असते, मेंदू लहान असतो, आणि डुक्कर मान स्थिर ठेवीत नाही. पाठमोऱ्यावर तर कधीच नाही. पळत्यावर नाही. कळपात दोन जनावरे एकामागे एक असतील तेव्हाही नाही, कारण मागचे जखमी होऊन निसटते. पिलांसह असलेल्या मादीबाबत परवानगीपत्रात अट असेल ती पाळावीच; नसली तरी तिला सोडावे असे आमचे मत आहे. पिले असलेली डुकरीण सापडल्यावर मागे वळत नाही.

हे सारे पाळावयाचे तर दहा प्रसंगांपैकी आठ वेळा बार टाकताच येणार नाही. तसेच व्हावयास पाहिजे.

याचे कारण डुक्कर नव्हे, तर डुकराच्या मागे काय आहे, हे आहे. ऊसतोडीच्या दिवसांत जे चालते ते या दृष्टीने फार घातक असते. दिवाळीच्या सुमारास कारखान्याची धुराडी पेटतात. भवानीनगर, माळेगाव, सोमेश्वर या कारखान्यांच्या टोळ्या शिवारात उतरतात. फड चारी बाजूंनी तुटत येतो, आणि डुकरे सरकत सरकत मधल्या उभ्या तुकड्यात गोळा होतात. शेवटचा पाव एकर राहिला की गावात वर्दी जाते. कोणी काठ्या घेऊन, कोणी कुत्री घेऊन, कोणी बंदूक घेऊन येतो, आणि सारे त्या तुकड्याभोवती कडे करतात. कड्यातील प्रत्येक माणूस समोरच्या माणसाच्या रोखाने उभा असतो. मध्ये फक्त उसाचा पडदा. डुक्कर सुटते, आरोळी उठते, आणि त्या क्षणी कोणाचा बार कोणत्या दिशेने जाईल हे देवही सांगू शकणार नाही. कडेला मोळ्या बांधणाऱ्या बाया असतात, आणि बीड-नगरकडून आईबापांबरोबर आलेली, पाचटावर खेळणारी पोरे असतात. अशा कड्यात बंदूक आणणाऱ्यास, त्याच्याजवळ सर्व कागद असले तरी, गावाने तेथून परत पाठवावे. पोलीस पाटलाने आणि टोळीच्या मुकादमाने हे काम अंगावर घेतले पाहिजे. शेवटच्या तुकड्याची एक बाजू, माळाकडची, माणसे हटवून मोकळी ठेवावी आणि तोड दुसऱ्या बाजूने सुरू करावी. डुकरे आपण होऊन निघून जातात. पीक तर तुटलेच आहे, मग वाचवावयाचे काय आहे?

रात्रीचा प्रश्न याहून नाजूक आहे. विजेरीच्या झोतात दोन डोळे चमकले, की उत्साही माणूस त्यांच्या मधोमध नेम धरतो. पण डोळे कोणाचे? आपल्या माळावर चिंकारा आहे. त्याच्यासाठीच १९९७ मध्ये सुप्याजवळ मयूरेश्वर अभयारण्य स्थापन झाले. लांडगा आहे, तरस आहे. हे तिन्ही आज पहिल्या अनुसूचीत मोडतात व त्यांच्या हत्येची शिक्षा फार कडक आहे. धनगरांचा वाडा खतासाठी शेतात बसविलेला असतो, त्यांची कुत्री बांधाबांधाने फिरतात, आणि घोंगडी पांघरून धनगर उघड्यावर निजलेला असतो. उसाच्या कडेला तोडकऱ्यांच्या कोप्या असतात. पहाटे पाणी धरणारा शेजारी चारीच्या कडेने वाकून चालत असतो. पूर्ण शरीर दिसल्यावाचून, जनावर ओळखल्यावाचून आणि त्याच्या मागे माती आहे हे पाहिल्यावाचून बोट चापावर जाताच कामा नये. बार उंचावरून टाकावा हे उत्तम. दहा-बारा फुटांच्या माळ्यावरून वीस पावलांवरील डुकरावर टाकलेला बार खाली, जमिनीत जातो. बांधावर उकिडवे बसून टाकलेला बार जमिनीला समांतर, शेजाऱ्याच्या वस्तीकडे जातो. सपाट काळ्या रानात माती पाठीशी मिळण्याचा याहून सोपा उपाय नाही.

मग मुलाने काय करावे? त्याला घरी झोपवून बंदूक कपाटात लपवून ठेवावी, हा मार्ग आम्हांस पसंत नाही. लपविलेल्या वस्तूची ओढ अधिक असते, आणि बाप परगावी गेला की कपाट उघडते. मुलाला शिकवावे, पण दिवसा. सकाळी त्याला बांधाने न्यावे आणि माग दाखवावा : खूर कोठून आत आले, कोठून बाहेर गेले, मागच्या जादा खुरांचे ठसे ओलीत कसे उमटतात, पिले होती की नव्हती, चिखलात लोळण कोठे आहे, बाभळीच्या बुंध्याला अंग घासल्याचा चिखल किती उंचीवर आहे. आठ दिवस हे पाहिले की मुलगा सांगू शकतो, की डुकरे अमुक नाळीने येतात व चंद्र मावळल्यावर येतात. कुंपण कोठे घालावयाचे, माळा कोठे बांधावयाचा, हे त्याच्या वहीवरून ठरवावे. नुकसानीची तारीख, वाफे, छायाचित्रे यांची नोंद त्यानेच ठेवावी. मोबाईलचा हा उपयोग चांगला आहे. डुकराचे चित्र काढून हृदय कोठे, फुप्फुस कोठे, हेही त्याला समजावून द्यावे. शरीररचना शिकण्यात पाप नाही.

ज्या मुलास नेमबाजीची खरोखर आवड आहे त्याला नेमबाजीच्या मान्यताप्राप्त मैदानावर घालावे. पुण्यात त्याची सोय आहे. तेथे पहिले काही दिवस त्याच्या हातून एकही गोळी सुटत नाही. फक्त बंदूक रिकामी आहे हे तपासावयास, तोंड कोठे धरावे व बोट कोठे ठेवावे हे शिकावयास लावतात. घरच्या बाराबोअरवर शिकविण्याने उलटा परिणाम होतो. दस्ता मुलाच्या हातास लांब, धक्का त्याच्या खांद्यास जड. पहिल्या दोन-तीन बारांतच तो चाप ओढताना डोळे मिटू लागतो व खांदा झटकतो, आणि ही खोड पुढे मोठेपणीही जात नाही. रात्रीच्या राखणीला मुलगा आला तर त्याने बापाच्या मागे बसावे आणि बंदुकीला हात लावू नये. मात्र त्याला एक अधिकार अवश्य द्यावा : "थांबा" म्हणण्याचा. तरुण नजरेला कोपीतील दिवा वा हलणारी घोंगडी आधी दिसते. मुलगा थांबा म्हणाला की बापाने बंदूक खाली करावी आणि कारण नंतर विचारावे. बापास हे थोडे अपमानास्पद वाटेल, वाटू द्यावे.

बंदुकीवाचूनचे उपाय या पत्रिकेतून वेळोवेळी येतात, म्हणून येथे विस्तार करीत नाही. झटका देऊन सोडणारे सौर कुंपण, भुईमुगाभोवती काटेरी करडईच्या दाट ओळी, गावाने पाळीपाळीने केलेली राखण, हे सारे मिळून एका बंदुकीपेक्षा अधिक पीक वाचवितात. कुंपणात थेट खांबावरील वीज सोडणे हा मात्र उपाय नव्हे, तो मनुष्यवध आहे; त्यात डुकरापेक्षा घरचे गुरू आणि घरचे माणूस आधी सापडते. पिठाच्या गोळ्यात स्फोटक घालून ठेवण्याचा प्रकारही तसाच. नुकसान झाल्यास तीन दिवसांच्या आत नजीकच्या वन-अधिकाऱ्याकडे अर्ज करावा. पंचनाम्यास वनखात्याबरोबर कृषि खात्याचा माणूस व ग्रामसेवक असतात. भरपाई उशिरा येते आणि पुरी पडत नाही, ही तक्रार रास्त आहे व आम्ही ती वरिष्ठांकडे मांडतो. पण अर्जच न करणाऱ्या गावाच्या वतीने मांडण्यासारखे आमच्या हाती काही उरत नाही. परवानगी मागताना मागील नुकसानीचे पंचनामे जोडलेले असले तर कारणही आपोआप सिद्ध होते.

सर्व कागद असताना, सर्व काळजी घेऊन बार टाकला, आणि डुक्कर पडले, तर लगेच जवळ जाऊ नये. कण्याला छर्रा घासून गेला तर ते सुन्न होऊन पडते व दोन मिनिटांनी उठते. दुसऱ्या नळीत काडतूस ठेवून माळ्यावरच थांबावे. पळून उसात शिरले तर रात्री मागे जाणे नाही, कुत्री सोडणे नाही. पहाटे शेजारच्या वस्त्यांना, तोडकऱ्यांच्या टोळीला व वनरक्षकाला आधी सांगावे, आणि त्या फडात कोणी शिरणार नाही अशी तजवीज करावी. नंतर उजाडल्यावर रक्त पाहावे : फेसाळ, फिकट तांबडे असले तर फुप्फुसाला लागले आहे, जनावर जवळच मिळेल, काळसर व शेणाच्या वासाचे असले तर पोटाला लागले आहे, ते जिवंत आणि चिडलेले असण्याचा संभव धरून वनखात्याची माणसे येईपर्यंत थांबावे. मेलेले डुक्कर जागेवरून हलवू नये. ते वनखात्याच्या ताब्यात द्यावे व पंचनाम्याची प्रत मागून घ्यावी. घरी आल्यावर बंदूक रिकामी असल्याचे मुलादेखत दोनदा पाहावे, उडालेली आणि उरलेली काडतुसे मोजून वहीत लिहावीत, आणि ती निराळ्या पेटीत कुलूपबंद करावीत. त्या पेटीची किल्ली बंदुकीच्या कपाटाच्या किल्लीबरोबर एकाच जुडग्यात असू नये.